दऱ्यांचा दर्या का होतो: पडद्यावरची मराठी आणि तिची दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच लेखात ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला तर काही ठिकाणी सापडतो आणि काही ठिकाणी डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. ‘ॲप’ लिहिले की कुणाच्या पडद्यावर मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ येते. एवढासा मराठी एसएमएस दोन-तीन संदेशांत मोजला जातो. आणि काही ॲपमध्ये कुटुंबाची इमोजी खोडताना ती एका फटक्यात जात नाही, एकेक माणूस कमी होत जातो. या चार गोष्टींचे मूळ एक आहे का, आणि मराठी मजकूर नीट ठेवायचा कसा?

मूळ एकच आहे. आपण अक्षर बघतो, यंत्र चिन्हांच्या क्रमांकांची रांग बघते. दोन शब्द दिसायला सारखे असले तरी रांग वेगळी असेल, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द.

‘क्षत्रिय’ हा शब्द घ्या. शब्दकोड्यात त्याला तीन घरे लागतात: क्ष, त्रि, य. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, त्याला आठ क्रमांक लागतात: क, पाय मोडण्याचे चिन्ह, ष, त, पुन्हा पाय मोडण्याचे चिन्ह, र, पहिली वेलांटी आणि य. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना आपल्या वर्णमालेत मानाची जागा असली तरी युनिकोडमध्ये त्यांना स्वतःचा क्रमांक नाही, ते जोडूनच तयार होतात. इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ सालच्या आवृत्तीवरून ही मांडणी घेतली गेली. देवनागरीच्या मुख्य पट्ट्यात १२८ घरे आहेत, आणि सगळी जोडाक्षरे त्यांतल्याच चिन्हांच्या बेरजेतून उभी राहतात.

साठवताना यूटीएफ-८ या आजच्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून ‘क्षत्रिय’ झाला २४ बाइटांचा. आणखी एक मोजणी आहे. माणसाला जे एक अक्षर वाटते ते यंत्राने कसे ओळखावे, यासाठी युनिकोडचा एक नियम आहे. २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीपर्यंत हा नियम पाय मोडलेल्या अक्षरानंतर तुकडा पाडायचा, म्हणजे क्, ष, त्, रि, य असे पाच. १५.१ पासून देवनागरी जोडाक्षर सलग धरले जाते आणि उत्तर तीन येते. शब्दकोडे रचणाऱ्यांनी जे कित्येक वर्षांपूर्वी ठरवले होते, तिथे प्रमाणग्रंथ २०२३ साली पोहोचला. त्यामुळे एखाद्या फॉर्मवर ‘कमाल २० अक्षरे’ लिहिलेले असेल, तर ते ३, ५, ८ की २४ या हिशेबाने मोजले जाणार आहे, हे फॉर्म बनवणाऱ्याने आधी ठरवायला हवे. नाव आणि पत्त्याच्या रकान्यांत मराठी नावे अर्धी कापली जातात ती यामुळेच.

खोडण्याच्या दोन कळा वेगळ्या का वागतात तेही इथेच कळते. बॅकस्पेस बहुतेक ठिकाणी शेवटचे एकच चिन्ह काढते. ‘त्रि’च्या पुढे उभे राहून ती दाबली की आधी फक्त वेलांटी जाते, मग र, मग त चा मोडलेला पाय. डिलीट मात्र समोरचे आख्खे अक्षर उचलते. वेलांटी चुकली असेल तर पूर्ण अक्षर पुन्हा टाइप करायची गरज नाही. अक्षराच्या उजवीकडे जा, एकदा बॅकस्पेस द्या, योग्य वेलांटी द्या.

पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या डावीकडे, पण रांगेत असते अक्षरानंतर. पडद्यावर तिला उचलून डावीकडे नेऊन ठेवणे, र चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसवणे, क आणि ष यांच्या जागी ‘क्ष’चा आकार आणणे, हे सगळे काम अक्षरजुळणीची प्रणाली करते. अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम हार्फबझ नावाची प्रणाली करते. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुले, त्यावरून हे नाव. हे काम किती नाजूक आहे याचा पुरावा फेब्रुवारी २०१८ मध्ये जगाने पाहिला. तेलुगूतल्या ‘ज्ञा’ या अक्षराची एक विशिष्ट रचना संदेशात आली की आयफोनवरची ॲप बंद पडत. पाच चिन्हांची रांग होती: ज, पायमोड, ञ, एक अदृश्य विभाजक आणि काना. आयओएसच्या ११.२.६ या आवृत्तीत ते दुरुस्त झाले.

आता र कडे येऊ, कारण मराठी मजकुरातला सर्वांत मोठा घोळ त्याच्याभोवती आहे.

अर्धा र मराठीत दोन प्रकारे पुढच्या अक्षराला जोडला जातो आणि त्या दोहोंत अर्थाचा फरक आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना बोलावले तर गुरुजी येतात, आचाऱ्यांना बोलावले तर स्वयंपाकी. पहिल्यात डोक्यावर रफार आहे, दुसऱ्यात य च्या आधी भुवईसारखी आडवी रेघ. ही भुवई मुख्यतः य आणि ह यांच्याआधी येते: सुऱ्या, कुऱ्हाड, ऱ्हास, तऱ्हा. हिंदीला तिची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदीसाठी बनलेल्या कित्येक कळफलकांवर ती शोधावी लागते.

ती लिहिण्याचे दोन मार्ग युनिकोडने मान्य केले आहेत, आणि इथेच शोध फसतो. पहिला मार्ग म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, ज्याचा क्रमांक ०९३१, त्यानंतर पायमोड, मग य. दुसरा मार्ग म्हणजे साधा र, पायमोड, त्यानंतर ‘शून्य रुंदीचा सांधा’ नावाचे अदृश्य चिन्ह, ज्याचा क्रमांक २००डी, आणि मग य. दुसरा मार्ग युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेला आहे. दोन्ही पडद्यावर तंतोतंत सारखे दिसतात. लेखाचा निम्मा भाग एका कळफलकावर आणि उरलेला दुसऱ्यावर लिहिला गेला असेल, तर ‘दुसऱ्या’ निम्म्या ठिकाणीच सापडणार.

पहिलाच मार्ग धरा. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर तो सोपा आहे: शिफ्टसह रोमन जे ची कळ दाबली की ऱ, मग डी च्या कळीवर पायमोड, मग तिरप्या रेघेच्या कळीवर य आणि ई च्या कळीवर काना. फोनच्या कळफलकावर ऱ बहुधा र दाबून धरल्यावर किंवा चिन्हांच्या दुसऱ्या पानावर मिळतो. उच्चारानुसारी टंकलेखनात शब्द सुचवला जातो तेव्हा नेमकी कोणती रांग घातली गेली हे दिसत नाही, म्हणून तसे लिहिलेले नंतर तपासावे लागते.

तो अदृश्य सांधा मात्र टाकाऊ नाही. भारतीय लिप्या आणि अरबी लिपी यांसारख्या जोडून लिहायच्या लिप्यांना लागणारे हे चिन्ह पुढे इमोजींच्या कामी आले. आई, वडील, मुलगी आणि मुलगा असलेली कुटुंबाची इमोजी म्हणजे चार माणसे आणि त्यांच्यामधले तीन सांधे, एकूण सात क्रमांक, यूटीएफ-८ मध्ये २५ बाइट. दऱ्यांची भुवई आणि कुटुंबाची इमोजी एकाच डिंकाने चिकटलेली आहे, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. खोडताना माणसे एकेक करून का जातात याचे उत्तरही तेच: बॅकस्पेस रांगेच्या शेवटाकडून सोलत येते. समोरच्या फोनला ती जोडणी माहीत नसेल, तर तिथे चार माणसे सुटी उभी दिसतात.

यातून एक कडक नियम निघतो. ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ असे बटण असलेली साधने मराठी मजकुरावर डोळे मिटून चालवू नका. सांधा गेला की र, पायमोड आणि य उरतात, आणि त्यांचा होतो रफार. डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांचे आचार्य होतात, आणि शुद्धलेखन तपासणीला त्यात चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. सांध्याचा भाऊ म्हणजे शून्य रुंदीचा विभाजक, २००सी. पायमोड उघडा दाखवायचा असेल तिथे तो लागतो. ‘वाङ्‌मय’ लिहिताना ङ चा मोडलेला पाय दिसतो तो त्याच्यामुळे. तो काढला की जोडाक्षर बनते आणि काही फाँटमध्ये ते वाचवत नाही.

ॲ ची कथा लहान आहे. या अक्षराला स्वतःचा क्रमांक, ०९७२, २००८ साली आलेल्या युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. तोपर्यंत लोकांनी दोन वाटा काढल्या होत्या: अ लिहून त्यावर चंद्राची मात्रा ठेवायची, किंवा ऍ वापरायचा, जो मुळात ए वर चंद्र आहे. त्यामुळे ‘बॅट’ सगळीकडे नीट दिसते, कारण तिथे चंद्र व्यंजनावर बसतो, पण ‘ॲप’ तीन प्रकारांनी लिहिलेला सापडतो. अ हा स्वर आहे आणि स्वरावर मात्रा बसवणे नियमाबाहेर आहे, म्हणून आजच्या अक्षरजुळणी प्रणाली तिथे मुद्दाम ठिपक्यांचे वर्तुळ दाखवतात. ‘या मात्रेला आधाराचे अक्षर नाही’ असे ते वर्तुळ सांगत असते. हीच गत अ ला काना देऊन केलेल्या ‘आ’ची आणि अ ला काना-मात्रा देऊन केलेल्या ‘ओ’ची. जुन्या फाँटमधून रूपांतर केलेल्या मजकुरात हे ढिगाने सापडते.

मात्रांची पुनरावृत्ती हा गप्पांमधला खास प्रकार. ‘नाही’ लांबवायचा म्हणून दुसरी वेलांटी चार-पाच वेळा दाबली की पहिली बसते, उरलेल्यांना आधार नसतो, आणि ठिपक्यांच्या वर्तुळांची माळ लागते. सूर लांबवण्यासाठी आपल्या लिपीत अवग्रह आहे: नाहीऽऽऽ, काऽऽय, अगंऽ. क्रमांक ०९३डी. अवग्रह कितीही वेळा आला तरी मोडत नाही, कारण त्याला आधार लागत नाही. त्याऐवजी रोमन एस वापरण्याची सवय बरीच पसरली आहे. ती सोडा: स्क्रीन-वाचक, म्हणजे मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, शब्दाच्या मध्ये इंग्रजी अक्षर वाचते आणि ओळ तुटते.

विसर्गाचेही तसेच. ‘दुःख’ आणि ‘अंतःकरण’ यांत विसर्गाच्या जागी अपूर्णविराम देणे ही मराठी टंकलेखनातली बहुधा सर्वाधिक पसरलेली चूक आहे. दिसते जवळपास सारखेच. पण अपूर्णविराम हे विरामचिन्ह असल्यामुळे यंत्राच्या दृष्टीने शब्द तिथे संपतो. दोनदा टिचकी मारली तर फक्त ‘दु’ निवडला जातो आणि शोधात ‘दुःख’ सापडत नाही. विसर्गाचा क्रमांक ०९०३.

आता मजकूर मोडलेला दिसतो तेव्हा काय मोडले आहे ते ओळखण्याकडे. हे कौशल्य फार उपयोगी आहे, कारण वेगवेगळ्या चिन्हांचा अर्थ अगदी वेगळा असतो आणि काही प्रकारांत घाई केली तर मजकूर कायमचा जातो.

कोरे चौकोन दिसले तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, फक्त त्या यंत्रात त्या चिन्हांचा फाँट नाही. या चौकोनांना संगणकाच्या जगात टोफू म्हणतात, आणि ‘टोफू नको’ या कल्पनेवरूनच नोटो या फाँटसंचाला त्याचे नाव मिळाले. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता टाका, चौकोन जातील. नव्या इमोजीच्या जागी चौकोन दिसत असेल तर यंत्राची प्रणाली जुनी आहे.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए पुन्हापुन्हा येत असेल आणि त्याच्या शेजारी कधी चार टोके असलेले छोटे वर्तुळ, कधी जपानी येनचे चिन्ह दिसत असेल, तर तो मजकूर नक्की देवनागरी आहे आणि तो वाचवता येतो. कारण असे: यूटीएफ-८ मध्ये आपल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. वाचणाऱ्या प्रोग्रामने ते पश्चिम युरोपीय अक्षरे समजून वाचले की पहिल्याचा होतो तो ए आणि दुसऱ्याचे वर्तुळ किंवा येन. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, पायमोड हे पट्ट्याच्या उत्तरार्धात असल्याने येन त्यांच्यामुळे येतात. जपानीत अशा बिघडलेल्या मजकुराला मोजीबाके म्हणतात. मोजी म्हणजे अक्षर, आणि इमोजीतला मोजी तोच: ‘ए’ म्हणजे चित्र, मोजी म्हणजे अक्षर. इंग्रजीतल्या भावनांच्या शब्दाशी इमोजीचे ध्वनिसाम्य हा निव्वळ योगायोग आहे.

मोजीबाके दिसला की पहिली गोष्ट: फाइल सेव्ह करू नका. तशीच बंद करा आणि एन्कोडिंग (संकेतप्रणाली) यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडा. चुकीच्या रूपात सेव्ह केली की एक आवरण वर चढते, आणि दुसऱ्यांदा केली की आणखी एक. डोक्यावर लहरी रेघ असलेला मोठा ए दिसू लागला तर समजा दोन आवरणे आहेत आणि उलट रूपांतर दोनदा करावे लागेल.

हा प्रकार सर्वांत जास्त होतो तो स्वल्पविरामांनी विभागलेल्या सीएसव्ही फाइलींत. फाइल दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल अनेकदा ती जुन्या संकेतात आहे असे धरून चालते. योग्य क्रम असा: आधी कोरी वर्कबुक उघडा, डेटा टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा, फाइल दाखवा, आणि ‘फाइल ओरिजिन’च्या यादीतून ‘६५००१: युनिकोड यूटीएफ-८’ निवडून मगच लोड करा. पाठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात सेव्ह केलीत तर फाइलीच्या सुरुवातीला ओळखीचे तीन बाइट लागतात आणि पुढच्या माणसाला हा खटाटोप करावा लागत नाही.

नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील तर बातमी वाईट आहे. मजकूर कुठेतरी देवनागरीला जागाच नसलेल्या ठिकाणातून गेला आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले. ‘मराठी’ची पाच होतात. हे उलटवता येत नाही, मूळ प्रत शोधावी लागते. काळ्या चौकटीतले पांढरे प्रश्नचिन्ह एखाद-दुसरेच, ओळीच्या टोकाला दिसले, तर मजकूर बाइट मोजून कापला गेला आहे आणि कात्री तीन बाइटांच्या मधोमध चालली आहे. तेवढे एक चिन्ह गेले, बाकीचे सुरक्षित.

रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग, पण येन वगैरे काही नाही, असे असेल तर ते जुन्या फाँटमधले लेखन आहे. कृतिदेवसारख्या फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरी आकार बसवले होते. त्यात ‘मराठी’ म्हणजे रोमन लिपीतले छोटे ई, जे, के, मोठा बी आणि छोटा एच. फाँट काढला की तीच पाच अक्षरे उघडी पडतात. असा मजकूर शोधयंत्राला कधीच मराठी म्हणून दिसत नाही. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण फाँटचे नेमके नाव कळल्याशिवाय चालवू नका, कारण प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी आहे. रूपांतरानंतर तीन गोष्टी डोळ्यांनी तपासा: पहिली वेलांटी, रफार आणि अर्धा र. या फाँटांत वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर, युनिकोडमध्ये बरोबर उलट. जोडाक्षर आले की साधनाचा अंदाज चुकतो आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

पीडीएफमधून कॉपी केल्यावर वेलांट्या इकडेतिकडे होतात, तेही याच जातीचे. पीडीएफमध्ये बहुतेकदा दिसण्याचा क्रम साठवलेला असतो, लिहिण्याचा नाही.

एसएमएसचा हिशेब असा. एका संदेशात १४० बाइट मावतात. रोमन लिपीसाठी सात बिटांचा संकेत असल्याने १६० चिन्हे बसतात. संदेशात देवनागरीचे एकही चिन्ह आले की सहसा पूर्ण संदेश दोन बाइटांच्या संकेतात जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्यापेक्षा लांब झाला तर प्रत्येक तुकड्यात जोडणीच्या माहितीला ६ बाइट द्यावे लागतात, म्हणून ६७ चिन्हांचा एक तुकडा. ‘उद्या सकाळी दहा वाजता भेटू.’ हे वाक्य आपल्या हिशेबाने १२ अक्षरांचे आहे, पण मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून २७ चिन्हांचे. म्हणजे एका एसएमएसमध्ये साधारण तीस अक्षरे बसतील असे धरून लिहा. जोडाक्षरे जितकी जास्त, तितकी जागा कमी. ‘कृपया लक्षात घ्या’ पेक्षा ‘लक्षात घ्या’ लिहिले की ६ चिन्हे वाचतात. निव्वळ इंग्रजी संदेशातही एखादी इमोजी किंवा दुसरीकडून कॉपी केलेले वळणदार अवतरणचिन्ह शिरले की तो १६० वरून ७० वर उतरतो. अचानक पैसे वाढले तर आधी अवतरणचिन्हे बघा.

मराठी नीट साठवणाऱ्या संकेतस्थळावर इमोजी टाकली की पुढचा सगळा मजकूर गायब होतो, हाही प्रकार आढळतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला ‘यूटीएफ८’ नावाचा जुना प्रकार चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरी ३ मध्ये बसते, इमोजीला ४ लागतात. तपासणी ढिली ठेवलेली असेल तर मजकूर तिथेच कापला जातो. उपाय म्हणजे डेटाबेसमधले तक्ते आणि संकेतस्थळाची त्याच्याशी असलेली जोडणी दोन्ही ‘यूटीएफ८एमबी४’वर नेणे. फक्त तक्ता बदलून जोडणी तशीच ठेवली तर काम होत नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. शब्द ओळखण्याच्या नेहमीच्या सूत्रांत (रेग्युलर एक्स्प्रेशन) काना-मात्रा ‘अक्षर’ या वर्गात येत नाहीत, त्या ‘जोडचिन्हे’ असतात. पायथनच्या प्रमाण सूत्रप्रणालीतही तसेच आहे. म्हणून हॅशटॅग ओळखण्याचे सूत्र #मराठी मधून फक्त #मर उचलते. सूत्रात जोडचिन्हांचा वर्ग आणि दोन्ही अदृश्य चिन्हे घालावी लागतात, नाहीतर भुवईचा र आला की हॅशटॅग तिथेच तुटेल. दुव्यांचे मात्र काहीच बिघडलेले नसते. मराठी शब्द असलेला दुवा कॉपी केला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ येते, कारण प्रत्येक बाइट तीन रोमन चिन्हांत लिहिला जातो, आणि ‘मराठी’ या पाच चिन्हांची ४५ होतात. दुवा तसाच चालतो.

ल आणि श यांच्या आकाराबद्दलची तक्रार वेगळी आहे आणि तिचे उत्तर फाँटमध्ये आहे. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल यांचा क्रमांक एकच, श चेही तसेच. दोन्ही आकार ठेवणारे फाँट मजकुराची भाषा बघून आकार निवडतात. म्हणून पानाच्या सुरुवातीला भाषेचे चिन्ह ‘एमआर’ (मराठी) द्यायला हवे. ते ‘एचआय’ (हिंदी) राहिले असेल, किंवा दिलेच नसेल, तर सहसा हिंदी वळण मिळते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमाला जाहीर करताना मराठी वळण ठरवून दिले आहे, पण ते पडद्यावर दिसण्यासाठी ही एक ओळ लागतेच. त्याच पानावर अक्षरांमधले अंतर वाढवण्याची मांडणी असेल तर ती देवनागरीसाठी शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते. फलक-पत्रिकांच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी अक्षरामागे जाऊन बसत असेल तर ‘वर्ल्ड-रेडी’ नावाची मांडणी चालू करा. इनडिझाइनमध्ये ती परिच्छेदाच्या पटलात मिळते.

मोठा मजकूर स्वच्छ करायचा असेल तर क्रम पाळा, कारण एक बदल दुसऱ्याला वाट करून देतो. आधी मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवा. मग एनएफसी हे युनिकोडचे प्रमाणीकरण चालवा, ते एकाच अक्षराच्या समतुल्य रांगा एकरूप करते. त्याने र आणि खालचे टिंब असे दोन क्रमांक असतील तिथे एकसंध ऱ येतो, पण अदृश्य सांध्याचा र त्याला बदलता येत नाही, आणि अ वरचा चंद्रही नाही. ते हाताने करायचे. र, पायमोड, सांधा यांच्या जागी ऱ आणि पायमोड. शोधपेटीत हा नमुना टाइप करू नका, मजकुरातला नकोसा नमुनाच कॉपी करून तिथे चिकटवा, म्हणजे अदृश्य चिन्ह सोबत येईल. त्यानंतर अ-काना चे आ, मग आ-चंद्र असेल तिथे ऑ, अ-चंद्र चा ॲ, आणि काना-मात्रांचे ओ, औ. आ चा बदल आधी केला नाही तर काही ऑ निसटतात. मग एकाला एक लागून आलेल्या सारख्या मात्रा. विसर्ग सगळ्यात शेवटी, आणि तोही एकेक पाहून: दोन्ही बाजूंना चिकटून देवनागरी अक्षर असलेला अपूर्णविराम शोधा. ‘दु:ख’ बदलायचे आहे, पण ‘विषय:शाळा’ असे घाईत जोडून लिहिलेलेही त्याच जाळ्यात येते. उरलेले सांधे इमोजींसाठी राहू द्या.

एखाद्या अक्षराबद्दल शंका आली तर विंडोजवरच्या वर्डमध्ये कर्सर त्याच्या उजवीकडे ठेवून ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा, चिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक येतो. पुन्हा दाबले की चिन्ह परत. उलटही चालते: रोमन अंकांत ०९३१ लिहून ऑल्ट-एक्स दाबले की ऱ, ०९७२ ला ॲ, ०९०३ ला विसर्ग, ०९३डी ला अवग्रह. ‘दऱ्या’च्या शेवटी जाऊन बॅकस्पेसने काना आणि य काढले, मग हे केले आणि ०९४डी आले तर रांग ठीक आहे. २००डी आले तर तिथे सांधा बसलेला आहे, तो बदला.